दीड दिवस, एक वर्ष आणि बनगरवाडीचा मास्तर

अण्णा भाऊ साठे फक्त दीड दिवस शाळेत गेले, हे सांगली जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक शाळकरी मुलानं ऐकलेलं असतं. १ ऑगस्टला त्यांच्या जयंतीची भाषणं तिथूनच सुरू होतात. वाळवा तालुक्यातलं वाटेगाव, दीड दिवसाची शाळा, घरच्यांबरोबर मुंबईपर्यंतची पायपीट आणि मग ‘फकिरा’. टाळ्या. भाषण करणारा मुलगा खाली उतरतो आणि वर्गात जाऊन बसतो. त्याला अजून आठ-नऊ महिने त्याच वर्गात निबंध लिहायचे असतात.

या गोष्टीतून आपण जो अर्थ काढतो, त्याबद्दल माझी तक्रार आहे. अंगात असेल तर शाळा लागत नाही, असा तो अर्थ. ऐकायला झकास वाटतो, पण वर्गातल्या पन्नास पोरांना त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय तो अण्णा भाऊंवरही अन्याय करतो. मातंग समाजातल्या एका मुलाला दीड दिवसात शाळा सोडावी लागली, ही त्या काळच्या शाळेची नामुष्की होती. तिचं आपण शौर्यगीत करून टाकलंय.

खरं तर अण्णा भाऊ भरपूर शिकले. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत ते अक्षरांना सरावले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कामगार चळवळीतल्या माणसांमध्ये राहून वाचायला लागले. त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांपैकी एक त्या कॅम्पातल्या डासांवर होतं असं सांगतात. मला ही माहिती दीड दिवसाच्या गोष्टीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. ते गाणं ऐकायला जी माणसं बसली असतील, त्यांना रात्रभर तेच डास चावलेले होते. गाणं चुकलं असतं तर त्यांना लगेच कळलं असतं. पुढे १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं. पोवाडे आले, छक्कड आली, लोकनाट्यं आली, कथा आल्या. ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली १९५९ मध्ये. शाळेच्या त्या दीड दिवसानंतर कितीतरी वर्षांनी. मधला सगळा काळ शिकण्याचाच होता, फक्त त्याचं हजेरीपुस्तक कुणी ठेवलं नाही.

मग प्रश्न असा: शाळेत बसलेल्या एखाद्या मुलाचं लेखन जून ते मार्च या एका वर्षात वाढतं, म्हणजे नेमकं काय होतं? अक्षर सुधारतं? ऱ्हस्व-दीर्घ बरोबर यायला लागतात? म्हणी आणि सुविचार पेरता येतात? हे सगळं होतं आणि ते व्हावंच. पण मला वाटतं, त्याआधी एक गोष्ट बदलावी लागते. आपण कुणासाठी लिहितोय, ते बदलावं लागतं. वाचक बदलला की वाक्य बदलतं. हे तपासून बघायला सांगली जिल्ह्यासारखी जागा नाही, कारण इथंच या विषयावरची मराठीतली एक उत्तम कादंबरी घडते. तिच्याकडे आपण या नजरेनं फारसं बघत नाही, एवढंच.

निबंधाचा एकुलता एक वाचक

आधी शाळेच्या निबंधाकडे बघू. हा एक साहित्यप्रकार आहे आणि त्याला साहित्यप्रकारासारखंच वाचलं पाहिजे. त्याचे स्वतःचे नियम आहेत. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहायचा तर धरणीनं हिरवा शालू नेसलाच पाहिजे. ‘मी फळा बोलतोय’ मध्ये फळ्यानं शेवटी रडलंच पाहिजे. ‘सूर्य उगवला नाही तर’ मध्ये पहिली पाच मिनिटं मजा, नंतर हाहाकार आणि शेवटी स्वप्न मोडून आईची हाक. ‘मोबाइल: शाप की वरदान’ मध्ये निकाल आधीच ठरलेला: वापरणाऱ्यावर अवलंबून आहे.

यावर हसायला सोपं आहे. मात्र हा प्रकार असा का झाला, ते बघायला हवं. या लेखनाला एकच वाचक असतो आणि तो तपासनीस असतो. त्याला नवी माहिती नको असते. पावसाळा कसा असतो ते त्याला माहीत असतं. मुलाला काय येतं, एवढंच त्याला बघायचं असतं. म्हणजे लिहिणाऱ्याला सांगायचं काही नसतं आणि वाचणाऱ्याला ऐकायचं काही नसतं. दोघांमध्ये फक्त मार्कांचा व्यवहार असतो. अशा ठिकाणी तयार मजकूर फार कामाला येतो. पूर्वी तो गाइडमध्ये मिळायचा, आता फोनवर दोन सेकंदांत मिळतो. फोननं निबंध लिहून दिला की आपण कपाळाला हात लावतो. पण ज्या लेखनात लिहिणाऱ्याचं स्वतःचं काही नकोच होतं, ते यंत्रानं लिहिलं तर बिघडलं कुठं?

या निबंधाच्या भाषेलाही वंशावळ आहे आणि तिची एक फांदी सांगलीत येते. वि. स. खांडेकरांचा जन्म १८९८ मध्ये सांगलीचा. शाळाही इथलीच. पुढे १९२० पासून अठरा वर्षं ते कोकणात शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. ‘ययाति’साठी त्यांना ज्ञानपीठ मिळालं, ते मराठीला मिळालेलं पहिलं. त्यांच्या गद्यात उपमा, कल्पना आणि सुभाषितवजा वाक्यं यांची रेलचेल असते. पिढ्यान्‌पिढ्या मराठीच्या शिक्षकांना ती भाषा म्हणजेच ‘साहित्यिक’ भाषा वाटत आली. खांडेकरांकडे ती एका विचारी, व्याकूळ माणसाची भाषा होती. शाळेच्या वहीत येईपर्यंत तिच्यातला माणूस गेला आणि उपमा राहिल्या. यात खांडेकरांचा दोष नाही. कुठल्याही यशस्वी लेखकाचं पुढच्या वर्गांमध्ये हेच होतं.

मास्तरच विद्यार्थी

आता आटपाडी तालुक्यात जाऊ. सांगलीहून निघालं की ऊस मागं पडतो, मग द्राक्षं मागं पडतात आणि माणदेश लागतो. पाऊस कमी, माळ जास्त. हा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. इथल्या माडगूळ गावचे व्यंकटेश माडगूळकर, जन्म १९२७. त्यांनीही शाळा पुरी केली नाही, १९४२ च्या चळवळीत ते बाहेर पडले. त्याआधी पोरवयातच त्यांनी एका वाडीवर मास्तरकी केली होती. १९४९ मध्ये ‘माणदेशी माणसं’ आलं आणि १९५५ मध्ये मौजेनं ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपात काढली.

‘बनगरवाडी’ची ओळख आपल्याला ग्रामीण कादंबरी म्हणून करून दिली जाते. धनगरांचं जीवन, दुष्काळ, माणदेशी बोली. परीक्षेत हेच लिहायचं असतं. तुम्ही ती वाचली नसेल तर थोडक्यात: एक पोरसवदा मास्तर मेंढपाळांच्या वाडीवर बंद पडलेली शाळा चालवायला येतो. शाळेत पोरं नाहीत. पोरं मेंढरांमागं आहेत आणि मेंढरं जास्त महत्त्वाची आहेत. मास्तर म्हाताऱ्या कारभाऱ्याला धरून, एकेकाला गाठून शाळा भरवतो. हळूहळू वाडीचा होतो. सगळे मिळून तालीम बांधतात, तिच्या उद्‌घाटनाला प्रत्यक्ष राजा येतो. मग पाऊस दगा देतो, मेंढरं मरायला लागतात, माणसं वाडी सोडून निघून जातात. शाळा पुन्हा रिकामी.

मी ही कादंबरी लेखक घडण्याची गोष्ट म्हणून वाचतो. इथं विद्यार्थी आहे तो मास्तर. तो शिकवायला येतो आणि त्याला कुणी काही शिकवतोय असं कुठंही म्हटलेलं नसताना शिकत जातो.

कसा शिकतो ते बघण्यासारखं आहे. वाडीला मास्तराकडून बाराखडी नको असते. मास्तर तालुक्याला, बाजाराला जाणारा माणूस आहे, त्याला हिशेब कळतो, कागद कळतो. म्हणून लोक त्याला कामं सांगतात. कुणाला जुने रुपये बदलून हवे असतात. कारभाऱ्याची मुलगी अंजी चोळी शिवून आणायला खण देते. मास्तर भाबडेपणानं ते काम करतो आणि कारभाऱ्याचा रोष ओढवून घेतो. खणाचा अर्थ दुकानात एक असतो आणि वाडीत दुसरा, हे त्याला ठेच लागल्यावर कळतं. माणसाचं वागणं त्याच्या जागेवरून वाचायचं असतं, हा धडा त्याला असा मिळतो. कुठल्या शिक्षण महाविद्यालयात तो मिळाला नसता.

आणि मग शेकूची बायको. एक बैल आहे, दुसरा नाही, पेरणी तर थांबणार नाही. बाई बैलाच्या जोडीला औताला लागते. या प्रसंगावर निबंध लिहायला सांगा, काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. भारतीय नारी येईल, त्याग येईल, डोळ्यांत टचकन पाणी येईल. माडगूळकर यातलं काही करत नाहीत. काय दिसलं ते सांगतात आणि गप्प बसतात. वाक्यं आखूड, विशेषणं मोजकी. आपल्याला काय वाटावं हे मास्तर आपल्याला सांगत नाही. ज्यानं हे पाहिलंय त्याला शब्दांचा बडेजाव करायची लाज वाटेल, इतकं ते समोर उभं आहे. माडगूळकर चित्रंही काढायचे, हे इथं आठवावं. चित्र काढणाऱ्याला आधी बघत बसावं लागतं.

मास्तराची भाषा अशी का झाली? माझ्या मते, त्याच्याभोवती त्याला मार्क देणारं कुणी नाही म्हणून. साहेब वर्षाकाठी कधीतरी येणार. बाकी सगळी माणसं निरक्षर आहेत, पण माणूस खोटं बोलतोय की खरं, हे त्यांना आवाजावरून कळतं. अशा माणसांत राहणाऱ्याला अलंकार लवकर सोडावे लागतात. अण्णा भाऊंच्या कॅम्पातल्या श्रोत्यांसारखीच ही परीक्षा आहे.

‘बनगरवाडी’ माझी आवडती कादंबरी आहे, तरी तिच्यातली एक उणीव या वाचनात उघडी पडते. शाळेची कादंबरी असून तिच्यात मुलं फारशी नाहीत. ती गर्दी म्हणून येतात. त्यांनी पाटीवर काय गिरवलं, पहिलं वाक्य कुणी लिहिलं, मेंढरांमागं जाणाऱ्या पोराला लिहिता आल्यावर काय वाटलं, यातलं आपल्या हाती जवळजवळ काही लागत नाही. अंजीच्या डोक्यात काय चाललंय, ते आपण मास्तराच्या अंदाजानं समजून घेतो. मास्तर लेखक झाला. वाडीतलं कुणी झालं का? कादंबरीला हा प्रश्न पडत नाही, आपल्याला पडायला हवा.

जून २०१९ ते मार्च २०२०

म्हणून एका वहीबद्दल लिहितो. सांगलीतल्या ओळखीतल्या एका मुलीची ही नववीची मराठीची वही. तिचं नाव, शाळेचं नाव इथं देत नाही. तिच्या परवानगीनं वाचली आहे, तिची वाक्यं जशीच्या तशी देणार नाही असं कबूल केलंय.

जूनमधला पहिला निबंध पावसाळ्यावरच आहे. हिरवा शालू आहे, मोर आहे. आता सांगली शहरात मोर कुठून आला, असं विचारायचं नसतं. चांगले मार्क आहेत. पुढचा जुलैमधला, माझी आई. आई वात्सल्यसिंधू आहे. ती कुठल्या कामाला जाते, ते निबंधात नाही.

मग ऑगस्ट आला. २०१९ चा ऑगस्ट सांगलीत ज्यांनी काढला, त्यांना वेगळं काही सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अर्धं शहर पाण्यात. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. शाळा बंद. या मुलीचं घर सखल भागात, तळमजल्यावर.

वहीत पुढची तारीख थेट सप्टेंबरची आहे. विषय दिलेला: ‘महापुराचे थैमान’. तिनं थैमान हा शब्द फक्त शीर्षकात ठेवला. आत लिहिलंय ते असं: समोरच्या दुकानाच्या पायऱ्या आई मोजत होती. पाच पायऱ्या. दर तासाला किती बुडाल्या ते ती सांगायची. तिसरी बुडाली तेव्हा घरातलं सामान माळ्यावर चढवायला घेतलं. आधी काय चढवायचं यावरून आई आणि आजीचं भांडण झालं, धान्य की कागदपत्रं. पाणी ओसरल्यावर घरात परत गेले तेव्हा फ्रिज आडवा पडून दुसऱ्या खोलीत गेला होता, आणि सगळ्यांत जास्त त्रास वासाचा झाला.

वहीच्या समासात लाल शाईत शेरा आहे: विषयांतर. समारोप नाही. मार्क जूनपेक्षा कमी.

मला हे पान समीक्षक म्हणून वाचायचं आहे, म्हणून कौतुक बाजूला ठेवतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नेमकं काय बदललं? एक, वाक्यं आखूड झाली. दोन, ‘आपण’ जाऊन ‘मी’ आणि ‘आई’ आले. तीन, आकडे आले. पाच पायऱ्या, तिसरी पायरी, दर तास. भीती हा शब्द कुठंच नाही, ती पायऱ्यांत आहे. चार, भांडण आलं. शालेय निबंधात घरातली माणसं कधी भांडत नाहीत. इथं आजीला धान्य वाचवायचंय आणि आईला कागदपत्रं. दोघींनी आयुष्यात काय काय पाहिलंय, ते एवढ्या भांडणात येतं. उणिवाही आहेत. मधला भाग घाईत उरकलाय, बोटीतून बाहेर पडण्याचा प्रसंग दोन ओळींत संपतो. शेवट नाही हे शेरा देणाऱ्याचं म्हणणंही खोटं नाही. लेखन एकदम थांबतं. पण पूर ओसरल्यावरचं आयुष्य तसंच एकदम थांबलेलं असतं, हेही खरं.

ऑक्टोबरनंतर वही पुन्हा वळणावर येते. मुलगी हुशार आहे, शेऱ्याचा अर्थ तिला कळला. निबंध पुन्हा सुविचारानं सुरू व्हायला लागतात, मार्क वर जातात. मी पुढची पानं वाचताना हिरमुसत होतो. मग मागची पानं उलटली.

वहीच्या मागच्या पानांवर अर्जांचे कच्चे मसुदे होते. पुराचे पंचनामे झाले, मदतीच्या याद्या लागल्या, कुणाचं नाव राहिलं, कुणाचा बँक खात्याचा नंबर चुकला. शेजारपाजारच्या बायका या मुलीकडे यायला लागल्या. तलाठ्याला, तहसीलदारांना अर्ज लिहून दे म्हणून. सहा-सात अर्ज आहेत, खाडाखोडीसह. पहिला अर्ज पुस्तकातल्या नमुन्यासारखा: महोदय, सविनय सादर. निम्मा कागद त्यातच गेलाय. तिसऱ्या-चौथ्या अर्जापासून पहिल्या ओळीत घर कुठलं, पाणी किती दिवस होतं आणि काय गेलं ते येतं. एका ठिकाणी ‘संसारोपयोगी साहित्य’ खोडून तिनं शिलाई मशीन, दोन गाद्या, गॅसची शेगडी असं लिहिलंय. शिलाई मशीन आधी. त्या बाईचं पोट त्यावर होतं.

या खोडलेल्या शब्दात त्या वर्षातली सगळ्यांत मोठी वाढ आहे असं मी म्हणेन. इथं वाचक तपासनीस नाही. त्याच्या टेबलावर असे शेकडो कागद आहेत आणि त्याला हे घर माहीत नाही. त्याला ते दिसलं पाहिजे. आणि लिहून घेणारी बाई शेजारीच बसलीय, ती ऐकतेय. चुकीचं काही लिहिलं तर ती म्हणणार, असं नव्हतं गं. बनगरवाडीच्या मास्तरासारखीच ही मुलगी लोकांची कामं करता करता लिहायला शिकली. फरक इतकाच की ती बाहेरून आलेली नव्हती, वाडीतलीच होती.

फेब्रुवारीत शेवटचा निबंध आहे, एका वस्तूचं आत्मकथन. नमुन्यातलं पुस्तक किंवा नदी सोडून तिनं शिलाई मशीन घेतलं. नमुना पूर्ण पाळलाय: सुरुवात, मध्य, समारोप, शेवटी उपदेशही आहे. पण मधल्या भागात गंजलेली सुई आहे, तेल घालूनही न फिरणारं चाक आहे, आणि मशीन वाळवायला उन्हात ठेवल्यावर त्याच्याकडे बघत बसलेली बाई आहे. यावेळी मार्क चांगले आहेत. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि त्या वर्षी नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा झालीच नाही. वही तिथं संपते.

पाटीची दुसरी बाजू

विद्यार्थ्याच्या लेखनाला साहित्य म्हणून इतकं गंभीरपणे का घ्यायचं, असं कुणी विचारेल. त्याला मी १८५५ साली घेऊन जाईन. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली एक मुलगी शिकत होती. सावित्रीबाई आपल्या इकडच्या, सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. मुक्तानं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो त्या वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये फेब्रुवारी-मार्चच्या दोन अंकांत छापून आला. शाळेतल्या मुलीचा निबंध. आज दलित साहित्याचा आणि स्त्रियांच्या लेखनाचा इतिहास सांगताना त्याचं नाव घ्यावंच लागतं.

तो निबंध आवर्जून शोधून वाचा. त्याची रचना बघा. तिला शिकवलेलं सगळं त्यात दिसतं: देवाला आळवून सुरुवात, मुद्दे क्रमानं, उदाहरणं, शेवटी आपल्या लोकांना शिकण्याचं आवाहन. म्हणजे साचा आहे. पण साच्यातून ती वाचकाला सरळ प्रश्न विचारते. आम्हाला वाचायची बंदी असलेला धर्म आमचा कसा, असा तिचा युक्तिवाद आहे. इमारतींच्या पायात जिवंत गाडलेल्या माणसांबद्दल ती लिहिते, बाळंत होताना डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांबद्दल लिहिते. हे तिच्या पुस्तकात नव्हतं. हे तिला घरात, वस्तीत ऐकून माहीत होतं आणि ज्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं त्यांना ती सांगत होती.

म्हणून साचा मोडा, निबंध जाळा, असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदाच घरात शिकणाऱ्या मुलाला साच्याचा आधार लागतो. मार्कही लागतात, त्याच्यावर पुढचं शिक्षण असतं. तालमीत दंड-बैठका असतात तसा साचा असावा. कुस्ती मात्र कुणाशी तरी खेळावी लागते. मुक्ताकडे साचा होता आणि सांगायला माणसंही होती. नववीतल्या त्या मुलीला दोन्ही मिळालं, पण वहीच्या दोन टोकांना. पुढची पानं शाळेची, मागची शेजाऱ्यांची. ही दोन टोकं जोडणं मराठीच्या तासाचं काम आहे. त्यासाठी मोठा उपक्रम लागत नाही. लाल शाईत ‘विषयांतर’ लिहिण्याऐवजी समासात एक प्रश्न लिहिला तरी पुरतो: हे तू कुणाला सांगतेयस?

हे सगळं एका शैक्षणिक वर्षाबद्दल आहे, आणि वर्ष सगळ्यांना सारखं मिळत नाही. वाटेगावच्या आसपास आता ऊस आहे. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झालं की बीडकडून, आपल्याच जत तालुक्यातूनही तोडणी मजूर येतात, आणि फडाच्या कडेला खोपी पडतात. त्यांच्यातल्या अनेक मुलांचं वर्ष जूनला सुरू होतं आणि दिवाळीला तुटतं. साखरशाळा आल्या आणि गेल्या, कुठं जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांची सोय होते, कुठं होत नाही. त्यांच्यासाठी दीड दिवसाची गोष्ट जयंतीच्या भाषणापुरती नाही. त्यांची ती साडेचार महिन्यांची आहे.

त्या खोपीत कोयत्याचे हिशेब असतात, उचल किती घेतली आणि किती फिटली ते असतं, मुकादमाशी झालेलं बोलणं असतं. बरंचसं तोंडीच. घरात लिहिता येणारं असतं ते बहुतेक वेळा एखादं सहावी-सातवीतलं पोर. त्याच्याकडे वही असेल तर ते हा हिशेब लिहून ठेवेल, आणि उद्या कुणी आकडा फिरवला तर आई-बाप त्या वहीवर बोट ठेवू शकतील. तिथून पुढे ते पोर काय काय लिहील ते मला सांगता येत नाही. पण त्याचा पहिला वाचक कोण असेल, हे मला माहीत आहे.